वाळूत रुतणारं चाक

उन्हाळ्यात गडचिरोलीच्या भामरागड-सिरोंचा पट्ट्यातल्या नद्या आटल्या की पात्रात पाण्याची एखादी धार उरते आणि बाकी नुसती वाळू. पलीकडच्या गावाला जायचं तर याच वाळूतून. मोटारसायकलचं मागचं चाक थोड्या अंतरातच जागच्या जागी फिरू लागतं. जितकी रेस द्यावी तितकं ते खाली जातं आणि चेन वाळूला टेकली की उतरून ढकलण्यावाचून गत्यंतर नसतं. मागे तापाने फणफणलेलं माणूस बसलेलं असलं, तर त्यालाही उतरावं लागतं.

या अडचणीवरचा उपाय जगाला ठाऊक आहे: रुंद टायर. जमिनीवर पडणारा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाशी जवळपास जुळतो. २८ पीएसआयऐवजी ७ पीएसआयवर चालणारा रुंद टायर तेवढंच वजन जवळपास चौपट जागेवर पसरतो आणि वाळूत किंवा बर्फात रुतण्याऐवजी वर तरंगतो. अमेरिकेतली ‘रोकॉन’ १९६०च्या दशकापासून असल्याच चाकांवर चालते आहे. तिची दोन्ही चाकं इंजिनाने फिरतात. यामाहाने १९८७ मध्ये आणलेल्या ‘टीडब्ल्यू २००’चा मागचा टायर १८० मिलिमीटर रुंद होता. परदेशात हौशी मंडळी साध्या डर्ट बाइकलाही असे टायर चढवतात. पण हे तंत्र केवळ हौसेपुरतं राहावं, असं काही नाही.

त्याची खरी गरज गडचिरोलीत आहे. रस्ता संपतो तिथून पुढे आजही रुग्णाला खाटेची कावड करून आणावं लागतं. दुचाकीवरून रुग्ण नेण्याची कल्पना तर आपल्याकडे रुजलेलीच आहे. ‘डीआरडीओ’च्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने रॉयल एनफिल्डवर ‘रक्षिता’ ही रुग्णवाहिका तयार केली आणि १८ जानेवारी २०२१ रोजी ती केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे सोपवली. रुग्णाला मागे रेलून बसता येईल असं काढता-घालता येणारं आसन, डोकं स्थिर ठेवण्याची सोय, हातापायांचे पट्टे, इतका विचार तिच्यात झाला आहे. आता तितकाच विचार चाकांचा व्हायला हवा.

काम सोपं नाही. रुंद टायर मागच्या चिमट्यात मावत नाही. चिमटा रुंद करावा लागतो. मग चेन टायरला घासते, म्हणून स्प्रॉकेट बाहेर सरकवावं लागतं. चाक जड झाल्याने इंजिनावर ताण येतो. पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दातांनी लहान करून ओढ वाढवावी लागते. कमी हवेत टायर रिमवरून निसटू नये, याची तजवीज वेगळी. आणि पावसाळ्याच्या चिखलात हाच टायर घसरू शकतो, तिथे खाली कठीण थरापर्यंत पोचणारा अरुंद टायर बरा. म्हणून चाकांचे दोन संच हवेत. पर्लकोटा नदीला पूर आला, तर मात्र कुठलंही चाक कामाचं नाही. तिथे नावच लागते.

कायद्याचाही अडसर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टपणे बजावलं आहे. गॅरेजमध्ये गुपचूप केलेल्या जुगाडावर रुग्णाला बसवणं योग्यही नाही. शासनाने निर्मात्याकडूनच मान्यताप्राप्त वाहन करवून घ्यावं. ते आरोग्य सेवेसाठीच राहावं, ताडोबाच्या आसपासच्या जंगलात धुडगूस घालायला नव्हे, ही अट सुरुवातीलाच घालावी.

चाचणी मे महिन्यात, भर दुपारी, इंद्रावतीच्या पात्रात घ्यावी. रुग्णाच्या आसनावर साठ किलोचं पोतं बांधावं आणि स्थानिक आरोग्यसेवकाच्या हाती गाडी द्यावी. तो न उतरता पलीकडच्या काठावर पोचला, की पहिल्या दोन गाड्यांची मागणी नोंदवावी.