शून्य म्हणजे अभयपत्र नव्हे

माझा राग कॅल्शियम स्कोअरवर नाही, तो ‘हार्ट पॅकेज’मध्ये सरसकट घुसडणाऱ्यांवर आहे. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली ही मोजणी उपयोगी आहे. हृदयाच्या रोहिण्यांत साचलेलं कॅल्शियम सीटी स्कॅनमध्ये पांढरं दिसतं. त्याचा पसारा आणि दाटपणा यांवरून आकडा निघतो. रोहिणी किती अरुंद झाली, हे मात्र तो सांगत नाही. कॅल्शियम न धरलेला मऊ थर त्याला दिसतच नाही, आणि तरुणांच्या झटक्यामागे बहुधा तोच असतो.

इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांचं पहिल्या झटक्याचं मध्यक वय ५३ निघालं, इतरांचं ५९च्या आसपास. अशा समाजात सिगारेट ओढणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला शून्याचा रिपोर्ट देऊन ‘हार्ट एकदम नॉर्मल’ सांगणं ही फसवणूक आहे. शून्य आलं की निर्धास्त, हा भरवसा मुख्यतः अमेरिकेतल्या ‘मेसा’ अभ्यासावर उभा आहे. त्यात ४५ ते ८४ वयाचे सुमारे ६,८०० लोक होते. भारतीय वंशाचा गट नव्हताच. छातीत दुखणाऱ्याला तर हा स्कॅन सुचवूच नये. त्याचा ईसीजी आधी काढा!

स्कोअर ४०० आला की दुसरा धंदा सुरू होतो. माणसाला काही त्रास नाही, तरी घरच्यांना घाबरवून अँजिओग्राफी, मग स्टेंट. ‘इस्केमिया’ नावाच्या संशोधन-चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, त्यांना याहून गंभीर, पण स्थिर आजार होता. तिथेही आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू घटले नाहीत. अशा त्रास नसलेल्या माणसाला कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन हवं, रक्तदाब ताब्यात हवा, तंबाखू बंद हवी. वर्षाने पुन्हा स्कॅन करायला लावणारे तर निव्वळ गल्ला भरतात. स्टॅटिनने स्कोअर वाढूही शकतो, हे ते सांगत नाहीत.

त्रास नाही, धोका मध्यम आणि स्टॅटिन सुरू करावं की नाही यावर डॉक्टर-रुग्ण अडलेत, तिथे हा स्कॅन जरूर करा. अमेरिकेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला हीच जागा दिली आहे. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांना शून्याची सवलत त्यांनीही नाकारली. विशी-तिशीतल्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीतून कंपन्यांनी तो आजच काढावा आणि त्या पैशांत रक्तदाब, साखर, लिपिड नीट तपासून घ्यावं.