इतिहासाची खिडकी : व्हर्साय आणि चवदार तळं



बारावीच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं, की पहिल्याच पाठात युरोप! आणि आधुनिक युरोप म्हटला, की फ्रेंच राज्यक्रांती आलीच. मग आमगाव, तिरोडा, देवरीकडची मुलं कुरकुरतात, "आपल्याला त्या फ्रान्सच्या राजाशी काय करायचं आहे? पाठ करा अन् मोकळे व्हा!"

प्रश्न रास्त आहे. चला, उत्तर शोधू या.

१३ जुलै १७८८ रोजी फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट झाली. उभं पीक आडवं झालं. पाठोपाठ हाडं गोठवणारा हिवाळा आला. पाव महाग झाला. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायलाच नको! त्यात राजा सोळाव्या लुईची तिजोरी रिकामी, आणि धर्मगुरू व सरदार बहुतेक करांतून मोकळे. सारा भार बाकीच्यांवर.

शेवटी ५ मे १७८९ रोजी राजानं व्हर्सायला तीन वर्गांची सभा भरवली. अशी सभा त्याआधी १६१४ साली भरली होती. पण मतं मोजायची जुनी रीत काय? प्रत्येक वर्गाला एक मत! म्हणजे धर्मगुरू आणि सरदार एक झाले, की जनता नेहमीच हरणार. १७ जूनला जनतेच्या प्रतिनिधींनी जाहीर केलं, 'आम्हीच राष्ट्रीय सभा.' २६ ऑगस्टला जाहीरनामा निघाला : माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान आहेत.

आता १३८ वर्षं पुढे या, थेट कोकणातल्या महाडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ साली केला होता. महाड नगरपालिकेनंही १९२४ साली आपलं चवदार तळं खुलं केलं. पण फक्त कागदावर! अस्पृश्य मानलेल्यांना तिथं पाणी भरण्याची सोय नव्हतीच. आपला जिल्हा तलावांचा. तलाव समोर असून ओंजळभर पाणी घ्यायची बंदी म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. तरी डिसेंबरात माणसं पुन्हा महाडला जमली. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना कशाशी केली असेल? १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी! आपण नुसतं पाणी प्यायला आलेलो नाही, समतेच्या पायावर समाज नव्यानं उभारायला आलो आहोत, हे त्यांना सांगायचं होतं. तळ्याचा खटला पुढे १९३७ सालापर्यंत चालला आणि उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल लागला.

पण थांबा, फ्रान्सलाही डोळे मिटून मान डोलवायची नाही. त्या जाहीरनाम्यात बायकांचे हक्क कुठे आहेत, असं ओलिंप द गूज या लेखिकेनं विचारलं आणि १७९१ साली स्त्रियांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. १७९३ साली तिचा शिरच्छेद झाला. वसाहतींतली गुलामगिरी १७९४ साली रद्द झाली, ती १८०२ साली नेपोलियननं पुन्हा आणली. हैतीच्या लोकांनी मात्र लढून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवलं.

बाबासाहेबांनीही फ्रान्सकडून सगळंच उसनं घेतलं नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितलं. त्याच वर्षी त्यांनी भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती आणि ते हरले होते. तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी.

म्हणून सनावळ्या जरूर पाठ करा, पण प्रत्येक जाहीरनाम्यापुढे वहीत दोन प्रश्न लिहा : यात कोण कोण आलं? आणि बाहेर कोण राहिलं?

या आठवड्याचा उद्योग : आजी-आजोबांना विचारा, आपल्या गावच्या तलावावर, विहिरीवर पूर्वी कोण पाणी भरायचं? कोणाला लांब उभं राहावं लागायचं? ऐकलेलं दहा ओळींत लिहून काढा. हा धडा कुठल्याच गाइडात सापडणार नाही!