जुनी वस्ती आणि नवा पाहुणा

प्रवासास निघालेला मनुष्य किल्ला पाहतो, देऊळ पाहतो, चर्च पाहतो आणि समाधानानें घरीं परततो. परंतु एखादी वस्ती पाहणें ही गोष्ट निराळी आहे. किल्ल्यांत आज बहुधा कोणी राहत नाहीं. वस्तींत माणसें राहतात. हा साधा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पाहणाऱ्याचें आणि राहणाऱ्याचें, दोघांचेंही नुकसान होत आहे, असें आमचें मत आहे. तें स्पष्ट करण्यासाठीं पणजी शहरांतील फोंताइन्हास या वस्तीचें उदाहरण घेऊं.

जुनें गोवें हें शहर रोगराईनें ओस पडूं लागलें, तेव्हां १७५९ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीस येऊन आदिलशहाच्या वाड्यांत राहूं लागला. आणि १८४३ सालीं पणजी हीच राजधानी ठरली. आल्तिन्हो टेकडी व ऊरेमची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत त्यापूर्वीं नारळांची बाग होती. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस एका श्रीमंत गृहस्थानें लाविली असें सांगतात. तो मोझांबिकांत संपत्ति मिळवून परतला होता, म्हणून लोक त्यास 'मोसमीकार' म्हणत. टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या फेनिक्स नांवाच्या झऱ्यावरून या वस्तीस नांव मिळालें. पुढें राजधानीची वाढ झाली, तशीं बागेच्या जागीं घरें उभीं राहिलीं.

आज तेथें गेलेल्या पाहुण्याचें मन प्रथम रंगांनीं वेधलें जातें. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, उतरतीं कौलें, रस्त्यावर झुकलेले सज्जे आणि दारापाशीं निळ्या-पांढऱ्या फरशीवर लिहिलेलें घराचें नांव! हे रंग केवळ हौसेचे नव्हत. चार महिन्यांच्या पावसांत भिंतींवर शेवाळ धरतें. म्हणून पोर्तुगीज अमलांत पावसाळा संपला कीं घर रंगविण्याची सक्तीच होती, आणि शुभ्र पांढरा रंग चर्चसाठीं राखून ठेवीत, असें सांगतात. म्हणजे ज्या शोभेचें आपण कौतुक करतों, ती मूळचीं घरें जपण्याची एक व्यवस्था होती.

वस्तीच्या एका टोकास सेंट सेबास्तियनचें लहानसें कपेल आहे. त्यांतील क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीची मान खालीं झुकलेली नाहीं आणि डोळे उघडे आहेत. हा क्रूस प्रथम जुन्या गोव्यांतील इन्क्विझिशनच्या वाड्यांत होता. ती संस्था १८१२ सालीं कायमची बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यांत आला, आणि १९१८ सालीं या कपेलांत. जो क्रूस एके काळीं भयाच्या जागीं उभा होता, त्याच्यासमोर आज शेजारची आजी मेणबत्ती लावते. त्याच टेकडीच्या उतारावर मळ्यांतील मारुतीचें देऊळ आहे. इतिहास कसा बदलतो, हें शिकण्यासाठीं याहून चांगला वर्ग कोठें मिळणार?

मध्यंतरीं मात्र या वस्तीस पडता काळ आला होता. वारस मुंबईस, आफ्रिकेंत, पोर्तुगालांत पांगले. एकेका घराचे अनेक वाटेकरी झाले. कौलें कोणी बदलावीं, हा प्रश्न तसाच राहिला आणि कित्येक दारांना कुलपें लागलीं. गेल्या कांहीं दशकांत नागरिकांनीं व वारसाप्रेमी मंडळींनीं लक्ष घातलें. जुन्या घरांत पांथनिवास, चित्रशाळा, उपाहारगृहें निघालीं. पाहुण्यांच्या पैशानें छपरें सांवरलीं, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. 'परक्यांस येऊंच देऊं नये' असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. कारण बंद घर हें जपलेलें घर नव्हे, तें हळूहळू पडणारें घर होय.

पण औषधाचीही मात्रा असते. आज कित्येक लोक वस्तींत येतात ते केवळ आपलें स्वतःचें छायाचित्र काढण्यासाठीं. दुसऱ्याच्या पायरीवर बसतात, खिडकींतून डोकावतात, दुपारच्या विश्रांतीच्या वेळीं मोठ्यानें हसतात. त्रासलेल्या रहिवाशांनीं 'हें खाजगी घर आहे, येथें छायाचित्रें काढूं नयेत' अशा पाट्या लाविल्या आहेत. प्रत्येक घराचें दुकान झालें आणि राहणारे निघून गेले, तर मागें काय उरेल? रंगविलेल्या भिंती उरतील. पण त्या नाटकाच्या पडद्यासारख्या, ज्यांच्यामागें कोणी नाहीं. वस्ती जिवंत आहे कीं नाहीं, हें रंगावरून ठरत नाहीं. सकाळीं पाववाल्याची घंटी ऐकून दार कोण उघडतो, यावरून ठरतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, अशा ठिकाणीं जातांना चार नियम पाळा. वाहन दूर ठेवून पायीं फिरा. माणसाचें किंवा त्याच्या दाराचें चित्र घेण्यापूर्वीं त्याची परवानगी घ्या. खाऊ घ्यावयाचा तर तेथल्याच बेकरींतून घ्या, म्हणजे तुमचा पैसा त्या वस्तीच्या उपयोगी पडेल. आणि जाण्यापूर्वीं त्या जागेविषयीं कांहींतरी वाचा. ज्ञान असेल तर डोळ्यांना पुष्कळ अधिक दिसतें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, सहलीच्या खर्चाबरोबर हा शेजारधर्मही मुलांच्या शिदोरींत बांधून द्यावा.

आणखी एक गोष्ट. गोमंतकांत जाऊन जुन्या सज्जाचें कौतुक करणारा मनुष्य पुण्याच्या पेठेंतील, वाईच्या घाटावरील किंवा गिरगांवच्या खोताच्या वाडींतील पडक्या घराकडे पाहून 'हें कधीं पाडणार?' असें विचारतो. ही विसंगति तुमच्या पिढीनें दूर करावी. आपल्याच गल्लींतील सर्वांत जुनें घर कोणतें, तें कोणीं बांधलें, त्याच्या तुळया कोणत्या लांकडाच्या, हें या सुटींत घरांतील वडील माणसांस विचारा. ज्याला आपल्या आळीचा अभिमान आहे, तोच दुसऱ्याच्या आळींत जपून पाऊल टाकतो.