मुलीला मुदत देणारे आपण कोण?



आजचा लेख काहींना झोंबणार आहे. झोंबू दे. चातुर्मास चालू आहे, मुहूर्त बंद आहेत, तेवढ्यात बोलून घेते. एकदा दिवाळी झाली, मंगल कार्यालयांच्या तारखा सुटल्या, की मग कोणी कोणाचं ऐकत नाही.

"दिवाळीच्या आत काय ते ठरव, नाहीतर आम्ही ठरवतो." हे वाक्य अलीकडे आपल्या घराघरांत ऐकू येतं. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असते, पुण्यात नाहीतर बेंगळुरूला नोकरी करते, स्वतःचं भाडं स्वतः भरते. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेल्यापासून ती गावी येते-जातेही जास्त. एक दिवस ती आईला सांगते, "आई, एक मुलगा आहे. आम्ही एकमेकांना ओळखून घेतोय. लग्नाचं बोलतोय, पण अजून पक्कं नाही." झालं! त्या क्षणापासून घरातली सगळी घड्याळं तिच्याकडे तोंड करून उभी राहतात.

मग दोनांपैकी एक होतं. मुलगा समाजातला असेल तर, "मग वाट कसली बघता? रविवारी बोलणी करून टाकू." समाजाबाहेरचा असेल तर, "ते सगळं बंद कर, अकोल्याचं एक स्थळ आलंय, बघून घे." वरवर पाहता एक होकार आणि एक नकार. माझ्या मते दोन्ही एकच आहेत. दोन्हीकडे मुलीचं वाक्य अर्धवट तोडलेलं आहे. "अजून पक्कं नाही" हे तिचे शब्द कोणी ऐकलेच नाहीत.

मी बी.कॉम. झालेली बाई. पुढे आयुष्य स्वयंपाकघरात गेलं, पण व्यापारी कायद्याचा पेपर डोक्यातून गेला नाही. १८७२ चा करार कायदा सांगतो की संमती मोकळी असेल तरच करार खरा. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, दिशाभूल किंवा चूक यांतून आलेली संमती मोकळी नव्हे. यातलं "गैरवाजवी दडपण" म्हणजे काय, हे समजावताना कायद्याने जे पहिलं उदाहरण दिलंय ते ऐकून घ्या. बापाने मुलाला तो अज्ञान असताना पैसे दिलेले असतात. मुलगा सज्ञान झाल्यावर बाप आपल्या नात्याच्या वजनाचा गैरवापर करून त्याच्याकडून येण्यापेक्षा जास्त रकमेचा रोखा लिहून घेतो. कायदा म्हणतो, हे दडपण. दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना दडपणाचं उदाहरण शोधायला सावकाराकडे जावं लागलं नाही, ते त्यांना घरातच सापडलं.

"आम्ही तुला शिकवलं, तुझ्यासाठी काय नाही केलं, आता आमचं एवढं ऐकू शकत नाहीस?" हे वाक्य त्या रोख्यापेक्षा वेगळं आहे का? दिलं होतं वाढवण्याचं प्रेम, वसूल करतोय आख्खं आयुष्य. येण्यापेक्षा जास्तच झालं ना?

आपल्या जैनांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. जबरदस्तीने किंवा फसवून मिळवलेल्या संमतीचं लग्न कोर्टातून रद्द करून घेता येतं, असं त्यातही आहे. आईचं रडणं, आजीचं जेवण सोडणं, बाबांचा वाढलेला रक्तदाब हे कोर्टात जबरदस्ती म्हणून टिकणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते घरात मोजलं पाहिजे. कायद्याच्या चिमट्यात सापडत नाही ते सगळं निर्दोष असतं, असं आपला धर्म तरी म्हणत नाही.

आता धर्माकडेच येते, कारण घाई करणाऱ्या बायकांचं शेवटचं शस्त्र तेच असतं.

दशलक्षण पर्वात आपण दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सहाव्या अध्यायात कर्म कसकसं येतं ते सांगितलंय. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेलं, कृत, कारित, अनुमत, तिन्हींचा हिशेब लागतो. मुलीला आपण स्वतः बोलत नाही, आत्याला फोन करायला लावतो. ते कारित. आत्या बोलताना आपण बाजूला बसून भाजी निवडतो आणि "बघ, आत्या काही चुकीचं सांगत नाहीये" म्हणतो. ते अनुमत. दुसऱ्याचा जीव दुखवून "मी तर काहीच बोलले नाही" म्हणण्याची सोय आपल्या धर्मात ठेवलेलीच नाही.

पुढे सातवा अध्याय. त्यात अणुव्रतांचे अतिचार येतात, म्हणजे व्रताला लागणारे डाग. ब्रह्मचर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला कोणता? परविवाहकरण. आपली स्वतःची मुलं सोडून इतरांची लग्नं जुळवत, लावत फिरणं. माझ्या मनाचं सांगत नाही, उघडून बघा. मंदिरातून बाहेर पडताना चपला घालता घालता "तुमच्या पोरीचं अजून काहीच नाही का हो?" विचारणाऱ्या काकूंना, बायोडेटाचे फोटो वीस ग्रुपांवर फिरवणाऱ्या मावशींना, आणि दुसऱ्याच्या मुलीचं वय तोंडपाठ असणाऱ्या आपल्या सगळ्यांना उद्देशून शास्त्राने आधीच लिहून ठेवलंय. कोणाला ओळख करून देऊ नये असं मी म्हणत नाही. परिचय मेळावे भरावेत, ज्यांना जायचंय त्यांनी जावं. पण न विचारता दुसऱ्याच्या लग्नात हात घालणं ही समाजसेवा नाही, हे एकदा मनाशी स्पष्ट असू द्या.

आणि व्रत कसं घ्यायचं हेही आपल्यालाच माहीत असायला हवं. आपल्याकडे काही काळापुरता घेतात तो नियम आणि जन्मभरासाठी घेतात तो यम. कोणताही शहाणा श्रावक एकदम यमावर उडी मारत नाही. आधी चार महिने रात्रिभोजन सोडून बघतो, कंदमूळ सोडून बघतो, झेपतंय का ते पाहतो. श्रावकाच्या प्रतिमा अकरा आहेत, त्या एकेक पायरीने चढायच्या असतात. घरातल्या कोणी दीक्षेची इच्छा सांगितली तर आपणच सांगतो, "थोडं थांब, संघात राहून बघ, मन पक्कं होऊ दे." मग लग्नासारखा जन्माचा यम घेणाऱ्या पोरीला "अजून मन पक्कं होतंय" म्हणायचा हक्क का नाही?

नेमिनाथांची कथा आपण किती भक्तीने सांगतो! वरात दाराशी आली होती, राजुल सजून बसली होती, आणि कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ वळवला. तिथून गिरनार. पाहुणे काय म्हणतील, कार्यालयाचे पैसे जातील, असा विचार त्यांनी केला नाही म्हणून आपण त्यांना पूजतो. त्यांचं कारण वैराग्याचं होतं, आपल्या मुलींचं संसाराचं आहे, हा फरक मी विसरलेले नाही. पण जिथे मांडवाच्या दारातून परत फिरणं सन्मानाचं मानलं गेलं, तिथे मांडव घालण्याआधी विचार करणं लाजेचं कसं होईल?

आता आयांची भीती. ती खोटी नाही, म्हणून तिला उत्तर दिलं पाहिजे.

पहिली भीती, समाज लहान आहे. खरंय. २०११ च्या जनगणनेत सगळ्या देशात आपण सुमारे ४४.५ लाख होतो, त्यातले १४ लाख महाराष्ट्रात. त्यात पुन्हा दिगंबर-श्वेतांबर, त्यात सैतवाल, बघेरवाल, खंडेलवाल, ओसवाल. चाळणीवर चाळणी लावत गेलो तर खाली चार मुलं उरणारच. पण चाळण्या आपण लावल्या, त्याचा दंड मुलीच्या वेळेतून का वसूल करायचा? आपल्याच तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर दोन पंथांच्या वादात ४२ वर्षं कुलपात राहिलं, २०२३ मध्ये ते उघडलं. चार दशकं आपल्याला घाई झाली नाही, दोन माणसांना एकमेकांचा स्वभाव कळायला सहा महिने द्यायचे म्हटले की आपला धीर सुटतो!

दुसरी भीती, चांगली स्थळं निघून जातात. जातात. पण घाईत केलेलं लग्न मोडलं तर ते स्थळ तरी कुठे राहिलं? परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी साधारणपणे आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, मग कोर्टाच्या तारखा. साखरपुड्याआधी नाकारलेली वर्षभराची सवड पोरीला मग वकिलाच्या ऑफिसात बसून भोगावी लागते.

तिसरी भीती, लोक काय म्हणतील, विशेषतः मुलगा परजातीचा असेल तर. इथे कायदा अगदी स्वच्छ आहे. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना पसंत केलं की त्यांच्या लग्नाला कुटुंबाच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलंय. आणि पंचांनी एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मला परजातीतली लग्नं आवडतात की नाही हा इथे प्रश्नच नाही. आई म्हणून काळजी बोलून दाखवा. घरात पाणी गाळून घेतात का, रात्री जेवतात का, ताटात काय असतं, हे खुशाल विचारा. पण प्रश्न आणि धमकी यांतला फरक मुलीला बरोबर कळतो.

आपल्याच महाराष्ट्रात रखमाबाई होऊन गेल्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी बायकांची सेवा केली. आपण त्यांचं धैर्य सांगतो, पण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या बाजूने उभे होते हे सांगायला विसरतो. सगळं गाव एका बाजूला असताना घरातलं एक माणूस दुसऱ्या बाजूला लागतं. प्रत्येक घरात ते माणूस आई का असू नये?

आता मुलामुलींनाही दोन शब्द, नाहीतर म्हणाल की म्हातारी एकतर्फी बोलते. "बघू", "विचार चालू आहे" याच्या आड तीन-तीन वर्षं लपू नका. ज्याच्याशी बोलताय त्याच्याशी कामाचं बोला. नोकरी कुठे करणार, दोघांचे आईवडील म्हातारपणी कोणाजवळ राहतील, पैसा एकत्र की वेगळा, कर्ज किती आहे, मुलं हवीत का, घरात कोणता आहार शिजेल, देवदर्शन-उपवास कोण पाळणार. याची उत्तरं येत नसतील तर तुम्ही ओळखून घेत नाही आहात, नुसते फिरताय. समोरचा दरवेळी विषय बदलत असेल तर तेही उत्तरच आहे, ते समजून घ्या. दशलक्षणाचा तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा, म्हणजे मनात, बोलण्यात, वागण्यात एकच असण्याचा. हा धर्म तुम्हालाही लागू आहे. एकाला आशेवर ठेवून दुसऱ्याचा बायोडेटा बघणं हे आर्जव नव्हे.

आणि घरी सांगताना अर्धं सांगू नका. "आम्ही अमुक महिन्यापर्यंत एवढ्या गोष्टी बोलून घेणार आहोत, त्यानंतर हो की नाही ते मी स्वतः येऊन सांगीन. तोवर स्थळं आणू नका, नातेवाईकांना सांगू नका," असं नीट सांगा. मुदत असावी, पण ती तुमची असावी. आणि दिलेल्या दिवशी उत्तर द्या. मग ते "नाही" असलं तरी.

आयांनो, आपल्याकडून इतकंच करू या. पोरीने नाव सांगितलं की त्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा, "तू त्याच्याजवळ मोकळेपणाने बोलू शकतेस का?" आणि उत्तर ऐकून घ्यायचं. आत्या-मामींचे फोन आपण घ्यायचे आणि "आमचं आम्ही बघतोय" म्हणून ठेवायचे. बायोडेटा तिला विचारल्याशिवाय कुठेही पाठवायचा नाही. तिचं "नाही" आलं तर "तरी मी सांगत होते" हे वाक्य गिळून टाकायचं. हे जमणं आठ उपवासांपेक्षा अवघड आहे, पण निर्जराही तेवढीच मोठी होईल.

पुढच्या संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् किंवा उत्तम क्षमा म्हणताना आपण शेजारणीची, जावेची, सासूची क्षमा मागू. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर यादीत तिचं नाव सगळ्यात वर घाला. आणि क्षमा मागून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा तारीख विचारू नका.