पडताळणी कोणी करायची?

मराठी घेऊन एम.ए. झालेला, चार-पाच वर्षे वृत्तपत्रात घासलेला एखादा विद्यार्थी कंपनीच्या जनसंपर्क विभागात रुजू झाला, की आमच्या प्राध्यापक-कक्षात दोनच उद्गार निघतात. 'बरे झाले, पगार तरी वेळेवर होईल' हा एक आणि 'लेखणी विकली' हा दुसरा. आम्हांस दोन्ही अपुरे वाटतात.

या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांत गणला जाणारा आयव्ही ली हा मुळात न्यूयॉर्कमधला बातमीदार. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांच्या वतीने त्याने वृत्तपत्रांना एक जाहीरनामा धाडला. आमचे काम उघड चालेल, माहिती अचूक असेल आणि कोणत्याही विधानाची पडताळणी करू पाहणाऱ्या संपादकास आम्ही आनंदाने साहाय्य करू, असे त्यात आश्वासन होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून ५० हून अधिक माणसे दगावली. रेल्वे कंपन्यांचा तोवरचा रिवाज अपघात झाकण्याचा. लीने कंपनीलाच निवेदन काढावयास लावले. आपत्ती व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके ही हकिकत आवर्जून सांगतात.

पुढची हकिकत लडलोची. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोत संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर सैनिकांनी हल्ला केला. एका जळत्या तंबूखालच्या खड्ड्यात २ स्त्रिया आणि ११ मुले मरण पावली. रॉकफेलर कुटुंबाची बाजू मांडण्यासाठी आलेल्या लीने पत्रकांमागून पत्रके काढली. त्यांत कामगारनेत्यांची वर्षभराची मिळकत नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली. १९१५ मध्ये चौकशी आयोगापुढे त्याला विचारणा झाली, तेव्हा खाणमालकांनी पुरवलेली माहिती आपण तपासली नव्हती, हे त्याने मान्य केले. अंग खाजवणाऱ्या 'पॉयझन आयव्ही' या विषारी वेलीचे नाव अप्टन सिंक्लेअरने त्याला चिकटवले, ते उगाच नव्हे.

बातमीचा पहिला परिच्छेद कसा बांधावा, संपादकाला कोणत्या वेळी काय हवे असते, कोणता तपशील मथळ्यात चढतो, हे सारे ज्ञान ली वृत्तपत्रातून घेऊन आला. मागे राहिले ते समोरच्या टेबलावरचे उपसंपादक, 'हे कोणी सांगितले?' असे खेकसून विचारणारे. कंपनीत असे विचारणारा कोणी नसतो. असलाच तर त्याचाही पगार तेथूनच निघतो. लेखणी विकली जाते की नाही, यापेक्षा हा प्रश्न आम्हांस अधिक गंभीर वाटतो.

आणि या व्यवसायात सचोटी अशक्य आहे, असेही नाही. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या गोळ्यांत कोणीतरी सायनाइड मिसळले व ७ जण दगावले, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. तेथे निवेदनामागे कृती होती, म्हणून निवेदन लोकांना पटले.

उपयोजित मराठीच्या नावाखाली आपण वर्गात प्रसिद्धिपत्रक लिहावयास शिकवतो. मायना, मुद्दे, भाषेची सफाई, सारे काही. पण आलेले प्रसिद्धिपत्रक वाचावे कसे? 'दुर्घटना घडली', 'जीवितहानी झाली' अशा वाक्यांत दोष कोणाचा हे कोठे लपते? भाषेच्या शिक्षकाला हे व्याकरणाच्या तासालाही दाखवता येईल. पत्रक लिहून झाल्यावर विद्यार्थ्यास एवढाच उपप्रश्न घालावा: यातील कोणते विधान तुम्ही कंपनीबाहेरच्या कोणाकडून तपासून घ्याल? त्याला किती गुण ठेवायचे, ते अभ्यासमंडळाने ठरवावे.