डावे पायडल



गतवर्षी एका मोठ्या दुकानातून आम्ही गिअरची स्वस्त सायकल घेतली. बैहरच्या वाटेवर, मुरुमाच्या उतारावर, तिचे डावे पायडल निखळले, थोडक्यात बचावलो. बालाघाटचे वृद्ध मिस्त्री म्हणाले, "फादर, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. जोडणाऱ्याने ते जबरीने फिरवून आटे मोडले." दोष स्वस्ताईचा नव्हे, घाईचा होता.

म्हणून नवी सायकल आणताच हँडल व पायडले नीट आवळावीत, दोन्ही ब्रेक तपासावेत, साखळीस तेल द्यावे. नव्या तारा काही दिवसांत सैल पडून गिअर चुकू लागतो. तेव्हा त्या पुन्हा ताणाव्यात. मुलाच्या हाती सायकल देण्यापूर्वी पित्याने एवढा एक तास अवश्य द्यावा.