जाहिरात हीदेखील एक हुंडीच : तळोज्यातील घरे आणि समाजमाध्यमे

दिलेला शब्द म्हणजे रोकडीइतकीच खरी रक्कम, हे व्यापारी कुटुंबांत लहानपणापासून शिकवले जाते. हुंडीवर सही करणाऱ्यास पक्के ठाऊक असे की आज कागदावर केवळ शाई आहे. परंतु मुदतीच्या दिवशी तेवढे रुपये मोजावेच लागतील. घराच्या जाहिरातीकडे मात्र या नजरेने क्वचितच पाहिले जाते. मोबाईलच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत येते, हिरवळ दिसते, पोहण्याचा तलाव दिसतो आणि खाली ‘आजच नोंदणी करा’ असे शब्द उमटतात. पाहणारा त्यास करमणूक समजतो आणि दाखवणारा विक्रीचा खर्च. वास्तविक तो दिलेला शब्द आहे आणि त्याची नोंद देण्याच्या बाजूस व्हावयास हवी.

या विचारासाठी तळोज्याइतके उत्तम उदाहरण शोधूनही सापडणार नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील हा भाग. एका बाजूस औद्योगिक वसाहत व तिचे रासायनिक कारखाने, दुसऱ्या बाजूस सिडकोने वसवलेले खारघर आणि जवळच कळंबोलीचा पोलाद बाजार. सिडकोने २०१८ मध्ये १४,८३८ घरांची सोडत जाहीर केली, तीत तळोजा होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या नावाने २६,००० घरांची योजना आली, तीतही तळोजा होते. खाजगी बांधकाम व्यावसायिकांचे प्रकल्प याखेरीज. मुंबईतील भाव आवाक्याबाहेर गेलेली कितीतरी कुटुंबे येथे राहण्यासाठी अथवा गुंतवणुकीसाठी सदनिका घेतात. समाजातील काही घरे येथे खरेदीदार आहेत, काही दलाल आहेत, तर काही स्वतः बांधकामाच्या धंद्यात आहेत. म्हणून हा प्रश्न तिन्ही बाजूंनी पाहणे आवश्यक आहे.

नाव एक, पत्ता दुसरा

समाजमाध्यमांवरील जाहिरातींत तळोजा हे नाव पुष्कळदा मागे पडते आणि ‘अपर खारघर’ असे आकर्षक नाव पुढे येते. कारण उघड आहे. तळोजा म्हटले की कारखाने आणि मध्यवर्ती कारागृह डोळ्यांपुढे येते. खारघर म्हटले की रुंद रस्ते आणि टेकड्या. परंतु कर्ज देणारी बँक मूल्यांकन करते ते करारनाम्यातील पत्त्याचे, चित्रफितीतील नावाचे नव्हे. पुढे विक्रीची वेळ येते तेव्हा नवा ग्राहकही नकाशा उघडूनच बोलतो.

मेट्रोची गोष्ट याहून बोलकी आहे. बेलापूर ते पेंधर या ११ किलोमीटरच्या मार्गाचे काम २०११ मध्ये हाती घेण्यात आले आणि प्रवासी वाहतूक १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. मधली बारा वर्षे ‘मेट्रो लगत’ हे शब्द जाहिरातींत वावरत राहिले. वीस वर्षांच्या कर्जाचे २४० हप्ते धरले, तर बारा वर्षांत त्यांपैकी १४४ हप्ते भरून होतात. पहिलीत गेलेले मूल बारावी उत्तीर्ण होते. नवी मुंबईच्या विमानतळाचेही तेच. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्या नावावर घरे विकली जाऊ लागली ती त्याच्या कितीतरी आधी.

येथे कोणी खोटे बोलले असेच म्हणता येणार नाही. मेट्रो आली आणि विमानतळही आला. प्रश्न आहे तो किंमत कधी मोजली आणि सुविधा कधी मिळाली, याचा. म्हणून खरेदीदाराने जाहिरात पाहताना कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात बांधकाम व्यावसायिकाच्या हातातील गोष्टी लिहाव्यात : चटई क्षेत्र, उद्वाहने, वाहनतळ, बाग, क्लबहाऊस, ताब्याची तारीख. दुसऱ्यात सरकारच्या हातातील गोष्टी : मेट्रो, रस्ता, विमानतळ, नव्या जलवाहिन्या. पहिल्या रकान्याचे पैसे अवश्य द्यावेत, कारण त्याचा जाब विचारता येतो. दुसऱ्या रकान्यासाठी आज पूर्ण किंमत मोजणे म्हणजे दुसऱ्याच्या उधारीवर स्वतः व्याज भरणे होय.

हिशेब लहान नाही. समजा, ५० लाखांची सदनिका आहे आणि साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी ४० लाखांचे कर्ज काढले. दरमहा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो आणि कर्जापोटी एकूण ८३ लाखांहून अधिक रक्कम जाते. एवढा व्यवहार अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवर ठरवणे कोणत्याही पेढीस शोभणारे नाही.

कायद्याने बांधलेला शब्द

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याने जाहिरातीला खरोखरच हुंडीची योग्यता दिली आहे. ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत कोणत्याही माध्यमातील प्रसिद्धी येते. म्हणजे वर्तमानपत्रातील पानभर मजकूर आणि इन्स्टाग्रामवरील चित्रफीत यांत कायदा भेद करीत नाही. ज्या प्रकल्पास नोंदणी आवश्यक आहे, त्याची नोंदणीपूर्वी जाहिरात करण्यास कलम ३ मनाई करते. कलम ११ प्रमाणे जाहिरातीत महारेराचे संकेतस्थळ आणि नोंदणी क्रमांक ठळकपणे असावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही सक्तीचा झाला असून तो नसल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कोड मोबाईलने वाचला की प्रकल्पाची नोंद उघडते. मंजुऱ्या, ताब्याची कबूल केलेली तारीख आणि किती सदनिका नोंदल्या गेल्या, हे तेथे घरबसल्या पाहता येते.

सर्वांत महत्त्वाचे कलम १२ आहे. जाहिरातीतील अथवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे दिले आणि ज्याचे नुकसान झाले, त्यास भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास व्याजासह रक्कम परत मागता येते. परंतु हक्क आहे म्हणून पुरावा आपोआप तयार होत नाही. समाजमाध्यमावरील ‘स्टोरी’ चोवीस तासांत नाहीशी होते, जुनी चित्रफीतही केव्हाही काढून टाकता येते. म्हणून पडद्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेली प्रत्येक सुविधा पत्राने किंवा ई-मेलने विचारून घ्यावी. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम १३ प्रतिबंध करते. वरील उदाहरणात ती मर्यादा पाच लाख रुपये होते.

दलाल आणि प्रसिद्धी करणारे तरुण यांनीही सावध असावे. नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीची मध्यस्थी करण्यासाठी दलालास महारेराची नोंदणी हवी. मोबदला घेऊन समाजमाध्यमावर शिफारस करणाऱ्याने तो मोबदला उघड केला पाहिजे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीस ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत व पुढे ५० लाखांपर्यंत दंड आहे. मित्राच्या प्रकल्पाची हौसेने केलेली स्तुती आणि पैसे घेऊन केलेली स्तुती यांत फरक असतो व तो पाहणाऱ्यास कळला पाहिजे.

ताबा दिल्यानंतर

जाहिरात बांधकाम व्यावसायिकाच्या हातात असते ती ताबा देईपर्यंतच. त्यानंतर रहिवासी बोलू लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातील भटक्या कुत्र्यांची अंगे निळी झाल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि समाजमाध्यमांतून जगभर पोहोचली. रंगाचे सांडपाणी कासाडी नदीत जात असल्याची चर्चा झाली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास एका कारखान्यावर बंदीची कारवाई करावी लागली. ज्या माध्यमातून निसर्गाच्या कुशीतील घरे विकली जात होती, त्याच माध्यमाने नदीची स्थिती दाखवली. आजही वासाच्या व पाण्याच्या तक्रारी याच मार्गाने प्रथम पुढे येतात. नवा ग्राहक आता विक्री कार्यालयात जाण्यापूर्वी तेथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसास संदेश पाठवतो. त्या उत्तराला जे वजन आहे, ते कोणत्याही चित्रफितीस नाही.

म्हणून रहिवाशांचा संवाद नीट चालवणे ही गृहनिर्माण संस्थेची आर्थिक जबाबदारीही आहे. यासाठी मोठा खर्च लागत नाही, शिस्त लागते. सूचनांचा गट वेगळा ठेवावा आणि त्यात केवळ व्यवस्थापक समितीने लिहावे. गप्पा आणि शुभेच्छा यांचा गट निराळा असावा. तक्रार आली की तिला क्रमांक देऊन वहीत नोंद करावी आणि काम झाल्यावर त्याच गटात तसे कळवावे. टँकरवर झालेला खर्च, उद्वाहनाच्या दुरुस्तीची देयके, अभिहस्तांतरणाची प्रगती हे दरमहा चार ओळींत सांगितले, तर निम्मे वाद जन्मच घेत नाहीत.

मात्र मोबाईलवरील कौल म्हणजे ठराव नव्हे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. तिची रीतसर सूचना, गणसंख्या आणि इतिवृत्त यांना पर्याय नाही. थकबाकीदारांची नावे गटात झळकवण्याचा मोह अनेक समित्यांना होतो. त्याने वसुली होत नाही, वैर मात्र होते. वसुलीची रीतसर प्रक्रिया सहकार कायद्यात आहे, ती अनुसरावी. सीसीटीव्हीतील दृश्ये व मुलांची छायाचित्रे गटात टाकण्याविषयीही असाच संयम हवा. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, गटचालकास जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तेव्हा भीतीपोटी गट बंद करण्याचे कारण नाही. नियम लिहून ठेवणे पुरेसे आहे.

बांधकामाच्या धंद्यात असलेल्या कुटुंबांसाठी यात विशेष बोध आहे. ताबा दिल्यानंतर रहिवाशांचे प्रश्न पानावरून पुसून टाकणारी पेढी पुढच्या प्रकल्पाच्या वेळी तेच ग्राहक गमावते. याउलट, गळतीची तक्रार आल्यावर उघडपणे तारीख देणारी आणि ती पाळणारी पेढी जाहिरातीवर कमी खर्च करते. बांधकामातील रचनात्मक दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे कायद्यानेच प्रवर्तकावर ठेवली आहे. ती कुरकुरत पार पाडण्यापेक्षा सन्मानाने पार पाडावी, कारण खर्च दोन्हींत सारखाच येतो.

आणि तळोज्यात घर पाहणाऱ्यांनी एवढे करावे : क्यूआर कोड वाचावा, दोन रकाने लिहावेत, जाहिरातीची प्रत जपावी, मग एकदा सकाळच्या गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री दहानंतर त्या रस्त्याने चालत जावे. शेजारच्या वसलेल्या इमारतीत पाणी किती वेळ येते आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवता येतात का, एवढे दोन प्रश्न तेथील दोन-तीन कुटुंबांना विचारावेत. नोंदणीचा धनादेश त्यानंतर लिहावा.